पोटभर जेवतो, तरी गोळ्या कशाला?

वाचकाचं पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी ४७ वर्षांची गृहिणी, कराडजवळ राहते. घरात आम्ही सगळे पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. ह्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, आणि हल्ली तळपायांना मुंग्या येतात. सासूबाई ७६ वर्षांच्या. अ‍ॅसिडिटीची गोळी त्या कित्येक वर्षं रोज सकाळी घेतात. आताशा चालताना त्यांचा तोल जातो, विसरायलाही होतं. धाकटी मुलगी अकरावीत आहे. तिचे केस गळतात, लवकर दमते, पाळीत रक्तस्राव जास्त होतो. थोरलीचं लग्न झालंय, यंदा बाळाचा विचार चालू आहे. मला दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी 'ड' जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पाकिटं आठ आठवडे घ्यायला सांगितली होती. बरं वाटलं म्हणून मी दर रविवारी दुधातून ती घेतेच आहे, जोडीला कॅल्शियमची गोळी.

आमच्या भिशीतली एक मैत्रीण डबे आणून देते. सगळ्यांना मल्टिव्हिटॅमिन, मुलीला केसांसाठी बायोटिन, सासूबाईंना 'नसांसाठी' म्हणून कॅप्सूल. महिन्याला तीन हजारांच्या घरात खर्च जातो. हे चिडतात. म्हणतात, "पोटभर जेवतो, तरी गोळ्या कशाला? आपल्या आजी-आजोबांनी कुठं खाल्ल्या होत्या?" मैत्रीण म्हणते, आताच्या अन्नात कसच उरलेला नाही. मी कुणाचं ऐकू?

एक वाचक

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक काम सांगते, ते आजच करा. येत्या रविवारचं पाकीट घेऊ नका. कॅल्शियमची गोळीही तूर्त थांबवा आणि ज्या डॉक्टरांनी ही पाकिटं लिहून दिली होती त्यांना या आठवड्यात भेटा. रक्तातलं 'ड' जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि क्रिएटिनीन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारं) या तीन तपासण्या करायच्या आहेत असं सांगा.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. आठवड्याला ६० हजार युनिट म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ हजार युनिट झाले. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिटची आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची वरची मर्यादा ४,००० युनिटची. उणीव भरून काढायला डॉक्टर आठ आठवडे मोठा डोस देतात, ते योग्यच आहे. पण तो डोस उणीव भरून काढायचा आहे, कायमचा नाही. 'क' किंवा 'ब' गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीची बरीचशी लघवीवाटे निघून जातात. 'ड' चरबीत विरघळतं आणि शरीरात साठत राहतं. फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखं लघवीला जाणं, मुतखडा आणि पुढे मूत्रपिंडाला इजा, असा तो मार्ग आहे. त्यात वरून कॅल्शियमची गोळी म्हणजे भर. यातलं एखादं लक्षण आत्ता असेल तर आठवडाभरही थांबू नका. कदाचित तुमचे रिपोर्ट अगदी चांगले येतील. तसं व्हावं हीच माझी इच्छा आहे, पण ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या यजमानांचं म्हणणं निम्मं खरं आहे. मैत्रिणीचं त्याहून कमी खरं आहे. आणि तुमच्या घरात, थोरली धरून, पाच माणसं आहेत तर उत्तरंही पाच आहेत. ताट सगळ्यांना एकच वाढता येतं, गोळी मात्र ज्याची त्यालाच लागू पडते. एकच डबा आणून सगळ्यांना एकेक वाटणं हे मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ज्यांना खरंच गोळी हवी आहे त्यांना त्यातून पुरेसं मिळत नाही आणि ज्यांना नको आहे त्यांना उगाच मिळतं.

पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती सासूबाईंची आणि यजमानांची. दोघांच्या तक्रारींमागे ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, आणि नेमकी हीच गोष्ट 'पोटभर जेवतो' या उत्तरात बसत नाही.

ब-१२ वनस्पती तयारच करत नाहीत. ते जिवाणू तयार करतात. गाई-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते त्यांच्या अंगात आणि दुधात येतं. म्हणून ते मिळतं मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यातून. पालेभाजीत नाही, डाळीत नाही, मोडाच्या कडधान्यात नाही, शेंगदाण्यात नाही. स्पिरुलिनाच्या, म्हणजे एका शेवाळाच्या, गोळ्या ब-१२ साठी म्हणून विकल्या जातात, पण त्यातला बराचसा भाग आपल्या शरीराला वापरता न येणाऱ्या प्रकारचा असतो. इडलीचं पीठ आंबवल्याने किंवा शिळा भात रात्रभर भिजवून खाल्ल्याने ब-१२ भरून निघतं, असे निरोप फोनवर फिरत असतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

म्हणजे अंडंही न खाणाऱ्या घरात एकच दार उघडं उरतं, दुधाचं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.२ मायक्रोग्रॅम ब-१२ लागतं. शंभर मिलिलिटर दुधात ते अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे अर्धा लिटर दूध किंवा तेवढंच दही रोज, प्रत्येकाला. आपल्या घरांतून प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. दुधाचा पेला मुलांना, रात्रीचं हळदीचं दूध पुरुषांना आणि घरातल्या बाईच्या वाट्याला चहात पडतं तेवढं. सासूबाईंनी आयुष्यभर हेच केलं असणार, आणि आता तुम्हीही तेच करत असाल असा माझा अंदाज आहे.

हे आपल्याकडे किती पसरलेलं आहे हे पुण्यातच दिसून आलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या मध्यमवर्गीय वस्तीतल्या, झोपडपट्टीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी होतं, आणि सगळ्यात जास्त प्रमाण शहरी मध्यमवर्गात होतं. म्हणजे ज्यांच्या घरी अन्नाला काही कमी नाही त्यांच्यात! यजमानांना हे आवर्जून वाचून दाखवा. पोट भरणं आणि ब-१२ मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता त्यांच्या मुंग्यांबद्दल. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं चांगलं आणि जुनं औषध आहे, ते स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायचं नाही. पण बरीच वर्षं घेतल्यावर त्याने आतड्यातून ब-१२ शोषलं जाणं कमी होतं. म्हणून ते घेणाऱ्यांचं ब-१२ अधूनमधून तपासावं असं मधुमेहतज्ज्ञ सांगतात. घोटाळा असा की ब-१२ कमी झालं तरी तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि साखरेमुळे नसांना इजा झाली तरी नेमकं तेच होतं. मग 'साखरेमुळेच आहे' म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही एकत्र असू शकतात. साखरेमुळे झालेली इजा उलटवणं अवघड असतं, ब-१२ मुळे झालेली वेळेवर उपचार केल्यास पुष्कळ भरून येते. वेळ गेली की तीही कायमची राहते. ब-१२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता अतिशय हळू येते आणि माणूस वयाला, कामाला, हवेला दोष देत राहतो.

सासूबाईंच्या बाबतीत तर तीन कारणं एकत्र आली आहेत. शाकाहार, वय आणि अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी. अन्नातलं ब-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. वयानुसार अनेकांचं हे आम्ल कमी होतं, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी तर ते कमी करण्यासाठीच असते. म्हणून त्यांनी आता रोज दूध प्यायलं तरी त्यातलं ब-१२ त्यांना पुरेसं मिळेलच असं नाही. गोळीतलं ब-१२ मात्र सुटंच असतं, त्याला आम्लाची मदत लागत नाही. इथे गोळी अन्नापेक्षा सरस ठरते, आणि हे मी आहारतज्ज्ञ असून निःसंकोचपणे सांगते. भाजीभाकरीवर माझा कितीही जीव असला तरी ७६ वर्षांच्या बाईंच्या नसा तेवढ्यावर सोडता येणार नाहीत.

दोघांचीही ब-१२ ची आणि सोबत सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची, तपासणी करून घ्या. प्रयोगशाळेच्या कागदावर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता आहे असं साधारणपणे धरतात, २०० ते ३०० च्या मधला आकडा असेल आणि लक्षणंही असतील तर डॉक्टर उपचार करायचे की आणखी तपासायचं ते ठरवतात. इंजेक्शन द्यायचं की मोठ्या डोसची गोळी, तेही डॉक्टरच ठरवतील. आणि त्या 'नसांसाठी'च्या कॅप्सूलवरचा कागद नीट वाचून पाहा. अशा कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा ब-६ असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं. ब-६ मोठ्या प्रमाणात बराच काळ पोटात गेलं तर त्यानेच पाय बधिर होऊ शकतात. ज्यासाठी औषध घ्यायचं तेच दुखणं औषधाने वाढायचं. सासूबाईंना डॉक्टरांकडे नेताना घरातले सगळे डबे पिशवीत घालून सोबत न्या. आणि विसरण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांगा. म्हातारपण म्हणून ते गृहीत धरू नका. ब-१२ ची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड या दोन्हींमुळे स्मरणशक्तीवर परिणाम होतो आणि दोन्हींवर उपचार आहेत.

आता थोरलीबद्दल. तिने फॉलिक अ‍ॅसिड, हे 'ब' गटातलंच एक जीवनसत्त्व, घ्यायलाच हवं, आणि दिवस राहिल्यावर नाही तर आत्तापासून. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत बंद होते. तोवर पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं. म्हणून बाळाचा विचार पक्का झाला की निदान महिनाभर आधी, जमल्यास दोन-तीन महिने आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करायचं. या बाबतीत पुरावा अगदी भक्कम आहे. ज्यांना आधी ही नळी नीट बंद न झाल्याचं व्यंग असलेलं बाळ झालं होतं अशा स्त्रियांवर ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीत, १९९१ साली, फॉलिक अ‍ॅसिडमुळे ते व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

फॉलिक अ‍ॅसिडची कहाणी आपल्या मुंबईतली आहे, ती थोरलीला जरूर सांगा. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत होता आणि त्यात अनेक जणी दगावत होत्या. लोहाने तो बरा होत नव्हता. विल्सबाईंनी त्या काय खातात, कशात राहतात ते पाहिलं, प्रयोग केले, आणि शेवटी साध्या, स्वस्त यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय होतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांपासून फॉलिक अ‍ॅसिड वेगळं काढलं. आज जी गोळी काही पैशांत मिळते तिच्यामागे परळ-लालबागच्या आसपास राबणाऱ्या बायका आहेत. 'गोळ्या म्हणजे परक्यांची थेरं' असं कुणी म्हणालं की मला त्या आठवतात.

फक्त एक लक्षात ठेवायचं. थोरलीही तुमच्याच ताटावर वाढली आहे, तेव्हा तिचंही ब-१२ आधी तपासा. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर ब-१२ च्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय झाकला जातो, नसांची हानी मात्र आत चालू राहते. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. याज्ञिकांच्या गटाने गरोदर मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. आईत फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) जास्त आणि ब-१२ कमी असं जिथं होतं, तिथं सहाव्या वर्षी मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त आढळलं. मधुमेह ज्या घरात आहे त्या घराने तर याकडे नक्कीच पाहावं. आणि तिने 'अ' जीवनसत्त्वाची वेगळी गोळी किंवा मोठा डोस असलेलं काहीही घेऊ नये. रेटिनॉल रूपातलं 'अ' गरोदरपणात जास्त झालं तर बाळाला इजा होऊ शकते. गाजर, भोपळा, पालेभाजी कितीही खावी, त्याने काही होत नाही.

धाकटीचं कारण मला तुमच्या पत्रातच दिसतंय. जास्त रक्तस्राव, दम लागणं, केस गळणं. तिचं लोह कमी असणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे ती काही एकटी नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं) आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसतं लोह भरत राहायचं आणि गळती तशीच ठेवायची, याने काही साधत नाही.

'बीट आणि खजूर खा, रक्त वाढेल' असं तिला सगळे सांगत असतील. उपचार म्हणून ते पुरत नाही. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात, म्हणजे दोन मोठ्या भाकरींत, साधारण सहा मिलिग्रॅम लोह असतं. धान्य-कडधान्यांतलं लोह आपल्या शरीरात फार तर आठ टक्के शोषलं जातं. म्हणजे अंगी लागलं अर्धा मिलिग्रॅम. रिकामी झालेली कोठी यावर भरायला फार काळ जातो, आणि दर महिन्याला ती पुन्हा रिती होते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाची गोळी हवी, आणि आकडा सुधारल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे महिने चालू ठेवायला हवी. शाळा-महाविद्यालयात आठवड्याला एकदा सरकारी निळी गोळी मिळते. मुली ती मळमळते म्हणून टाकून देतात. तिला सांगा, टाकू नकोस, जेवणानंतर घे, शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नकोस. चहा आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीच्या आसपास नको.

बायोटिन बंद करा. त्याची कमतरता अगदी क्वचित आढळते आणि केस लोहाअभावी किंवा थायरॉइडमुळे गळत असतील तर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय बायोटिन रक्तात असताना थायरॉइडची तपासणी केली तर अनेक यंत्रांवर रिपोर्ट चुकीचा येतो. टीएसएच, म्हणजे त्या तपासणीतला मुख्य आकडा, खोटाच कमी दिसू शकतो. म्हणून ते थांबवल्यावर निदान दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग रक्त द्या, आणि प्रयोगशाळेत तसं सांगा.

राहिलं मल्टिव्हिटॅमिन. मी त्याला विष म्हणणार नाही. पण निरोगी, नीट जेवणाऱ्या माणसाला त्याने हृदयविकार किंवा कर्करोग टळतो असा भरवसा देण्याइतका पुरावा नाही. अमेरिकेतल्या आरोग्यविषयक तज्ज्ञ गटाने २०२२ साली सगळे अभ्यास पाहून हेच सांगितलं. 'ड' जीवनसत्त्वाचंही तसंच. २५ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत निम्म्यांना पाच वर्षांच्या आसपास रोज २,००० युनिट देऊन पाहिलं. सर्वसाधारण लोकांमध्ये ना हृदयविकार कमी झाला, ना कर्करोग होण्याचं प्रमाण, ना हाडं मोडणं. ज्याच्याकडे कमी आहे त्याला द्यायचं, हे वेगळं. ज्याच्याकडे पुरेसं आहे त्याला आणखी दिलं तर आणखी चांगलं होतं, हे खरं ठरलेलं नाही.

कधीकधी तर उलटंच होतं. गाजर, पालेभाज्या, पिवळी फळं खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं अनेक पाहण्यांत दिसलं होतं. मग विचार असा झाला की त्यातलं बीटा-कॅरोटिन काढून गोळीतून देऊ. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण तिथेही कर्करोग वाढलेला दिसला. 'ई' जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचं २०११ मध्ये समोर आलं. गाजर आणि गाजरातून काढलेला एक घटक या एकच गोष्टी नाहीत. गाजरात चोथा आहे, शेकडो इतर द्रव्यं आहेत, ती एकमेकांच्या सोबतीने आणि थोड्या प्रमाणात शरीरात जातात. आणि रोज भाजी खाणारा माणूस इतरही बऱ्याच गोष्टी नीट करत असतो. हे सगळं डब्यात भरता येत नाही.

म्हणून ताटाबद्दल सविस्तर बोलते, कारण तुम्हाला स्वतःला औषधाच्या दुकानापेक्षा त्याचाच जास्त उपयोग आहे.

आजी-आजोबांनी गोळ्या खाल्ल्या नाहीत हे खरं. पण त्यांच्या पिढीत रातांधळी मुलं होती, बाळंतपणात पांढऱ्याफटक पडलेल्या आणि गेलेल्या बायका होत्या. ते आपण सोयीस्करपणे विसरतो. १९७० पासून सरकारने लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात केली ती काही हौसेने नाही. त्याचबरोबर त्यांच्या ताटात ज्या गोष्टी होत्या त्यातल्या बऱ्याच आपण काढून टाकल्या, हेही खरं. 'अन्नात कस राहिला नाही' असं मैत्रीण म्हणते. मला वाटतं, कस असलेलं अन्न आपण ताटात घेईनासे झालो आहोत. दोन्ही वेळा गव्हाची पोळी, बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, पातळ वरण, पॉलिशचा पांढरा भात आणि जेवण होताच चहा. कराडच्या बाजारात माठ, चाकवत, अंबाडी, शेपू, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला यांचे ढीग असतात, आणि आपण पिशवीत फ्लॉवर घेऊन येतो.

तुमच्या कॅल्शियमचा हिशोब करू. मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४०. मोठी वाटी दह्यात १८० च्या आसपास. चमचा-दीड चमचा तिळाची चटणी घेतली, म्हणजे १५ ग्रॅम तीळ पोटात गेले, तर आणखी दीडशे-पावणेदोनशे. हजाराच्या जवळ आलोच, वर पालेभाजी आहे. नाचणीतलं आणि तिळातलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून नाचणीला मोड आणून किंवा रात्री आंबील भिजवून घेतलं तर जास्त चांगलं. पाळी जाण्याच्या वयात हाडांची काळजी घ्यायलाच हवी, त्यासाठी एवढं ताट आणि रोज भरभर चालणं. तुमचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी गोळी सांगितलीच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून जास्त नको, शरीराला ते एकदम घेता येत नाही.

आपल्या ताटाची डावी बाजू परत आणा. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. ज्यांनी ती मांडणी बसवली त्यांना लोह किती शोषलं जातं हे माहीत नव्हतं, पण उसळीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह कितीतरी जास्त अंगी लागतं. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून जास्त 'क' जीवनसत्त्व आहे, आवळ्यात अडीचशेच्या आसपास. दिवसाची गरज ऐंशीच्या आत भागते. हंगामात ज्याच्या घरी आवळा आणि पेरू येतो त्याला 'क' ची गोळी लागत नाही. मटकी, हुलगे, मूग यांना मोड आणले की लोह अडवणारी द्रव्यं कमी होतात. आमटीला, टोमॅटोच्या साराला लोखंडी कढई वापरा, आंबट पदार्थात लोह उतरतं. आणि चहा जेवणापासून तासभर लांब न्या. हा एक बदल करायला पैसे लागत नाहीत, पण घरात सगळ्यात जास्त विरोध यालाच होईल, तेव्हा तुम्हीच आधी सुरू करा. दुधाचा एक पेला स्वतःसाठीही बाजूला काढून ठेवा, हे मी पुन्हा सांगते.

'ड' जीवनसत्त्व ताटातून पुरेसं मिळत नाही, शाकाहारात तर नाहीच. दूध आणि तेलाच्या पिशवीवर निळं 'प्लस एफ' चिन्ह असेल तर त्यात 'अ' आणि 'ड' घातलेलं असतं, ते घ्या. आणि ऊन. सकाळी सातचं कोवळं ऊन सुखाचं असतं, पण त्यात 'ड' तयार करणारे किरण फारसे नसतात. दहा-अकरानंतर हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ, आणि काचेआडून नाही.

भिशीतल्या मैत्रिणीशी भांडायची गरज नाही. तिलाही संसार आहे. "डॉक्टरांनी सगळ्यांच्या तपासण्या सांगितल्यात, रिपोर्ट येईपर्यंत काही घ्यायचं नाही म्हणालेत" एवढंच डॉक्टरांना भेटून आल्यावर सांगा. तिच्या डब्यांवर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं सापडेल. असे डबे अन्न म्हणून विकले जातात, त्यांना तसं छापणं बंधनकारक आहे. म्हणजे सासूबाईंच्या नसांवर उपचार म्हणून ती कॅप्सूल द्यायची नाही, हे तिच्या डब्यावरच लिहिलेलं आहे. डॉक्टरांनी ज्या मोजक्या गोळ्या लिहून दिल्या, त्या जनऔषधी केंद्रात मिळतात का पाहा. तीन हजारांतला फार थोडा भाग त्यावर जाईल, उरलेल्यात दूध, आवळे, तीळ, नाचणी आरामात येईल.

तपासण्यांचा क्रम असा ठेवा. आधी तुम्ही आणि सासूबाई, त्याच आठवड्यात यजमान, मग मुली. ब-१२ आणि लोहाचं रक्त कुठलीही नवी गोळी सुरू करण्याआधी द्या, नाहीतर आकडा खरी परिस्थिती दाखवत नाही. घरातलं मल्टिव्हिटॅमिन आधीपासून चालू आहे हे डॉक्टरांना सांगा, त्यामुळेही आकडा थोडा वर दिसू शकतो. रिपोर्ट आले की मला कळवा, त्यात सासूबाईंच्या ब-१२ चा आकडा आणि तुमच्या रक्तातल्या कॅल्शियमचा आकडा नक्की लिहा.